गरज पडली तर

भिकन पाटलांनी गोळ्यांची पट्टी औषधाच्या खिडकीत ठेवली, तेव्हा मोहिनीताईंना वाटलं, संपत आल्या, नव्या हव्यात. उचलून पाहिलं तर दहातली एकच गेलेली.

"सरला गयी, ताई. परवा. केयीना बागमाच."

दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको सरलाबाई याच खिडकीशी उभी होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं, एसओएस. मूळ लॅटिन, सी ओपस सिट. म्हणजे गरज पडली तर. परीक्षेत हा अर्थ लिहून ताईंनी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, आणि या तापीकाठच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं तोच सांगत आल्या होत्या. सरलाबाईलाही सांगितलं, छातीत दुखलं की बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची. रोज नाही, गरज पडली तर. तिनं मान डोलावली. गरज म्हणजे किती, हे ना तिनं विचारलं, ना ताईंनी सांगितलं.

भिकन सांगत होते. केळीच्या बागेचा बांध चढताना ती छाती धरून उभी राही. गोळी घे म्हटलं, तर म्हणे, अजून गरज नाही. पट्टी देव्हाऱ्यात जपून ठेवलेली. गरजेला म्हणून ठेवलेल्या वस्तूला हात न लावण्यातच बाईची हयात गेली होती. घरचे कोरडी भाकरी खात आणि पाहुण्यांसाठीची तुपाची बरणी भरलेली असे.

"मग ही एक कुणी घेतली?"

"मन्ही छाती जरासी दुखनी तवय तिनी माले दिधी. पयत लई उनी."

स्वतःला नाही, नवऱ्याला पळत आणून दिली होती. परत आलेलं औषध घ्यायचं नाही, हा नियम. पण भिकन जाता जाता म्हणाले, "कोनले गरज पडनी ते दी द्या," आणि ताईंनी पट्टी ठेवून घेतली.

रांगेत मागे रुखमाबाई उभी होती. तिच्या चिठ्ठीवर तीच तीन अक्षरं. ताईंनी नेहमीचं 'गरज पडली तर' सांगितलं नाही. त्या उठून बाहेर आल्या, तिला बाकावर बसवलं, शेजारी टेकल्या.

"कोठे दुखस माय, दखाड."

रुखमाबाई संकोचून हसली. रांगेतल्या पुरुषांकडे तिनं बोट केलं.

"मन्हं काय नही, ताई. पहिले त्यासनं पाही ल्या."

मोहिनीताई जागच्या हलल्या नाहीत.