समुद्र मोजून आलेली पट्टी

मित्रांनो, वेदिकाच्या घरी आलात तर जिन्याजवळच्या भिंतीवर मी तुम्हाला दिसेन. पांढरा रंग, काळे आकडे आणि कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा. त्या रेघा वेदिकाच्या उंचीच्या आहेत. ती साडेचार वर्षांची आहे. पण मी काही मुलांची उंची मोजण्यासाठी जन्मले नव्हते. मी एक जुनी पट्टी आहे, आणि मी आयुष्यभर समुद्र मोजला आहे.

नाशिकमध्ये समुद्र कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. मला घडवणाऱ्या पुंजा सुतारालाही तसंच वाटलं होतं.

वेदिकाचे आजोबा सावळीराम मूळचे दिंडोरीकडचे, पण नोकरी कोकणातल्या एका लहानशा बंदरावर. तिथली जुनी पट्टी कुजली होती. सुट्टीत गावी आले तेव्हा त्यांनी पुंजाला नवी करायला सांगितली.

"काय मोजायचंय? गोदावरीचा पूर?" पुंजाने विचारलं.

"समुद्र."

"मंग लय लांब करावी लागंल."

"अरे, पाणी रोज कुठवर चढतं, कुठवर उतरतं, ते बघायचंय."

"बघून काय करनार? त्याला काय सदरा शिवायचाय?"

हसत हसत पण मन लावून त्याने मला घडवलं. चांगला साग, माणसाच्या दुप्पट उंची, दर सेंटिमीटरला खाच. मग एसटीच्या टपावर आडवी पडून मी घाट उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा खारा वारा हुंगला.

धक्क्याच्या दगडात दोन लोखंडी बोल्ट घट्ट रोवलेले होते. माझ्या अंगाला वर एक आणि खाली एक भोक पाडून सावळीरामांनी मला त्या बोल्टांवर बसवलं. माझे पाय पाण्यात, डोकं उन्हात. भरतीला आणि ओहोटीला ते येऊन उभे राहत. लाट काही एका जागी थांबत नाही. म्हणून ते दहा लाटा बघत, प्रत्येक लाट कुठवर चढली आणि कुठवर उतरली ते पाहून मधला आकडा धरत आणि वहीत लिहीत. मासे उतरवणाऱ्या नवसाबाई रोज विचारायच्या, "काय सावळीरामभाऊ, आज समुद्राला ताप किती?"

"एकशे चौऱ्याऐंशी."

"मग डॉक्टरला बोलवा की."

मित्रांनो, समुद्र खरंच तापतो. हवा तापली की पाणीही तापतं, तापलेलं पाणी फुगतं आणि दूरचं बर्फ वितळून त्यात भर पडते. पण ही वाढ वर्षाला तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या जाडीएवढी. भरती-ओहोटीच्या गोंधळात ती एका दिवसात दिसत नाही, एका वर्षातही नाही. त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून बघावं लागतं. आम्ही दोघं सव्वीस वर्षं उभे होतो.

मधल्या एका पावसाळ्यात वादळ आलं. एक सुटलेली होडी येऊन माझ्यावर आदळली. माझं खालचं भोक फाटलं, वरचं चिरलं आणि मी लोंबकळत राहिले. वारा थांबल्यावर सावळीरामांनी फाटलेल्या भोकांच्या जरा खाली नवी भोकं पाडली, मला पुन्हा त्याच बोल्टांवर बसवलं, जुनी भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली आणि वरून रंग दिला. वहीत लिहिलं, 'पट्टी दुरुस्त केली.' एवढंच. नवसाबाईंची होडी अजून परतली नव्हती आणि सगळं बंदर तिच्या वाटेकडे डोळे लावून होतं. होडी संध्याकाळी परतली. पण वहीतलं ते वाक्य अर्धंच राहिलं.

पुढे धक्क्यावर आपोआप मोजणारं यंत्र आलं. मी अडगळीत गेले. सावळीराम निवृत्त झाले तेव्हा त्यांनी साहेबांना विचारून मला सोबत आणलं. घरात मावेना म्हणून माझं डोकं कापलं. वाईट वाटलं, पण दर दोन-तीन महिन्यांनी वेदिका पाठ टेकवून उभी राही, तिची आई सुवर्णा डोक्यावर वही आडवी धरून रेघ मारी, आणि त्या उबदार पाठीसाठी मी वाट बघत असे.

या वर्षी मनाली नावाची एक संशोधक घरी आली. ती जुन्या बंदरांच्या वह्या संगणकात चढवत होती.

"काका, तुमच्या वह्या इतक्या नेटक्या आहेत. पण त्या वादळानंतर समुद्र एकदम आठ-नऊ सेंटिमीटर खाली गेलेला दिसतो. असं होत नाही. पट्टी हलली होती का?"

"नाही हो. त्याच बोल्टांवर होती. होती तिथेच लावली."

मनालीने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "मग कारण सापडेपर्यंत या वह्या बाजूला ठेवाव्या लागतील."

सव्वीस वर्षं बाजूला. सावळीराम त्या दिवशी जेवले नाहीत. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्याच अंगात ते बुजवलेलं होतं. पण लाकडाला तोंड नसतं.

महिन्याभराने घराला रंग दिला, भिंतीच्या तळाला टाइल्सची ओळ बसवली. मग सुवर्णाने वेदिकाची उंची घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"आप्पा, दिवाळीत एकशे चार होती. आज नव्याण्णव. तीनदा मोजली मी. पोरीला काही झालं तर नसेल ना?"

"मी लहान होतेय?" वेदिकाने आनंदाने विचारलं. "मग मला परत पाळण्यात घालणार?"

"अगं, पोर कधी आखूड होतं का? पट्टी वर गेली असेल. विचार त्या ललितला," सावळीराम म्हणाले.

रंगवाला ललित दारातच ब्रश धूत होता. "वहिनी, होती तिथेच लावली. टाइलसाठी फक्त चार बोटं वर घेतली."

सुवर्णा हसली, लेकीला तिने छातीशी धरलं. सावळीराम मात्र हसले नाहीत. "होती तिथेच," ते पुटपुटले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मग उठून ललितकडची पत्री घेतली आणि माझा रंग खरवडू लागले.

दुखलं थोडं. पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आधी रंग गेला, मग लांबी निघाली आणि जुनं, फाटलेलं भोक उघडं पडलं. त्यांनी ते आणि खालचं नवं भोक यांतलं अंतर मोजलं. बरोबर नऊ सेंटिमीटर.

"मनाली, बोल्ट तेच होते," ते फोनवर म्हणाले. "भोक नऊ सेंटिमीटर खाली पाडलं, म्हणून पट्टी तेवढी वर गेली होती. समुद्र खाली गेला नव्हता. चूक माझी आहे, तसं लिही."

"लिहिते, काका. भोकांचे फोटो तेवढे पाठवा."

मनालीने वादळानंतरच्या प्रत्येक आकड्यात नऊ मिळवले. वह्या पुन्हा कामाला आल्या. सव्वीस वर्षांत आमचा समुद्र सहा सेंटिमीटर चढला होता. बातमी चांगली नाही, पण खरी आहे, आणि खरी बातमी हाताशी असली तर किनाऱ्यावरच्या माणसांना वेळेवर सावध होता येतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या आधी कुणी काही जपून मोजलं असेल तर ते फेकू नका. आणि माझ्यासारखं काही हलवलंत, तर किती हलवलंत ते त्याच दिवशी लिहा.

आता माझ्या शेजारी भिंतीवर सावळीरामांच्या अक्षरात एक ओळ आहे. 'पट्टी चार बोटं वर, म्हणजे सात सेंटिमीटर. ललितने घेतली, टाइलसाठी.' खाली तारीख. आणि तिच्याखाली सुवर्णाने लिहिलंय, 'वेदिका नव्याण्णव अधिक सात, एकशे सहा. दोन वाढली.'