टेकडीवरचा वांझ वेल

मी एक जुना वेल आहे, मित्रांनो, आणि तोही फळ न लागणारा. त्यामुळे माझी गोष्ट ऐकायला तुम्ही थांबाल की नाही, याची मला शंकाच आहे. करटुली तुम्ही पाहिली असतील. श्रावणात बाजारात येतात ती हिरवीगार, अंगावर मऊ काटे असलेली, लिंबाएवढी फळं. तुमच्यातल्या निम्म्यांनी ती ताटात बघून नाक मुरडलं असेल, हेही मला ठाऊक आहे. त्या करटुल्यांच्या कुळातला मी. जमिनीवर मी फक्त पावसाळ्यात दिसतो. बाकीचे महिने खाली मुरमात कंद होऊन झोपलेला असतो. म्हणजे माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य झोपेत गेलं, पण जागेपणी जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

माझा जन्म पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यालगतच्या एका टेकडीवर झाला. बी कुण्या पाखरानं टाकलं, ते मला माहीत नाही. एका बोरीच्या झुडपाच्या आधारानं मी वाढलो. आजूबाजूला करटुल्याच्या आणखी काही वेली होत्या, माझ्या शेजारणी. पाऊस मुरला की आम्ही सगळे वर यायचो आणि संध्याकाळ झाली की आमची पिवळी फुलं उमलायची. शेजारणींच्या फुलांखाली एक इवलीशी हिरवी गाठ असे. फूल गळालं की ती गाठ फुगत जाई आणि पंधरवड्यात तिचं करटुलं होई. माझ्या फुलाखाली गाठ नव्हती. माझं फूल संध्याकाळी उमले, रात्रीचे पतंग येऊन जात आणि सकाळी ते फूल मातीत पडलेलं असे. मागं काही उरत नसे. मी दर वर्षी वाट पाहिली. मग वाट पाहायचंही सोडून दिलं.

भाजी खुडायला येणाऱ्या बायकांना ते लगेच कळलं. "ह्यो वांझ हाय, ह्याच्याकडं नको जाऊ," असं त्या एकमेकींना सांगत. कुणी मला झुडपावरून ओढून बाजूला फेकत, कारण माझ्या पानांत शेजारणींची फळं झाकली जात. मला राग येत असे. पण माझी बाजू मांडायला माझ्याकडे होतं तरी काय? मलाही तेच वाटत होतं.

त्या बायकांत मनकर्णाबाई नावाची एक होती. खालच्या वस्तीवर भावाकडे राहायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि दुसरं लग्न केलं होतं. हे मला इतर बायकांच्या बोलण्यातून कळलं. ती जरा पुढे गेली की त्या तिच्याबद्दलही तोच शब्द वापरत, जो माझ्याबद्दल वापरत. मनकर्णाबाई टेकडीवरून तरोटा, पाथरी, घोळ, कुर्डू अशा रानभाज्या गोळा करायची आणि टोपलं घेऊन औरंगपुऱ्याच्या मंडईत एका कडेला बसायची. करटुलं तोडताना ती डाव्या हातानं वेल धरायची आणि उजव्या हातानं फळ पिरगाळून काढायची, म्हणजे वेलीला हिसका बसत नसे. प्रत्येक वेलीवरची एकदोन फळं ती पिकायला ठेवायची. आणि मला कुणी खाली फेकलेलं दिसलं, तर ती मला उचलून पुन्हा बोरीवर चढवायची.

"त्याला कशाला चढवती गं? वांझ त्यो," एकदा एक बाई तिला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की," मनकर्णाबाई म्हणाली. "तुझ्या घरचं खातो का?"

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी तो शब्द मी कधी ऐकला नाही. 'ह्यो असाच हाय,' एवढंच ती म्हणायची.

मग दुष्काळाची वर्षं आली. पहिल्या दुष्काळात मी वर आलोच नाही. खालची ओल इतकी आटली होती की कंदातलं होतं नव्हतं तेवढं पाणी पुरवून पुरवून मी पडून राहिलो. तुम्हाला कधी खूप तहान लागलेली असताना गप्प पडून राहावं लागलं आहे का? तसे ते दिवस होते. वरून टँकरच्या चाकांची धडधड जमिनीतून ऐकू येई. पुढच्या पावसाळ्यात डोकं वर काढलं तेव्हा निम्म्या शेजारणी नव्हत्या. खालच्या रानात ज्वारीऐवजी चुन्याच्या रेघा होत्या आणि काठ्यांना लाल फडकी बांधली होती. तिथं प्लॉट पडले होते. दोनचार वर्षांनी दुसरा दुष्काळ आला, तेव्हाही तसंच झालं. मी झोपेतून उठायचो आणि शहर आणखी जवळ सरकलेलं असायचं. रस्त्यावर मोठे दिवे लागले आणि संध्याकाळचे बरेचसे पतंग आमच्याकडे यायचं सोडून तिकडं घिरट्या घालू लागले. आसपासच्या टेकड्या मुरमासाठी खणल्या गेल्या. करटुली उरली ती फक्त आमच्या टेकडीवर, तीही मोजकीच.

अशातच टेकडीच्या पायथ्याला मृण्मयी आणि तिचा नवरा केयूर राहायला आले. पुण्यातल्या नोकऱ्या सोडून आले होते. मृण्मयीच्या आजोबांची तिथं थोडी जमीन होती. तिथं त्यांनी एक जेवणघर काढलं. त्यात फक्त झाडपाल्याचं, आणि त्या त्या ऋतूत रानात मिळेल तेवढंच शिजायचं. आधी नाव नोंदवल्याशिवाय जेवण मिळत नसे, तरी लांबलांबून गाड्या यायच्या. भाजी ओळखून आणायला त्यांनी मनकर्णाबाईला ठेवलं. तीच पाहुण्यांना जेवणाआधी टेकडीवर फिरवून आणी. काळ्या दगडी ताटात मधोमध करटुल्याच्या तीन चकत्या, वर पाथरीचं एक पान आणि कडेला जवसाच्या चटणीचा एक ठिपका, असं ते वाढणं असे. ते पाहून पहिल्या दिवशी मनकर्णाबाईला राहवलं नाही.

"ताई, ह्यानं पोट भरतंय व्हय लोकांचं?"

"मावशी, प्रत्येकाला एकामागून एक अजून दहा ताटं यायची आहेत," मृण्मयी हसत म्हणाली.

"दहा? मंग एकातच कामून वाढत नाय? भांडी घासायचा तरी तरास वाचंल."

हे सगळं मनकर्णाबाई मला वर येऊन सांगायची. बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं. भाऊ वारला होता, भाचे शहरात गेले होते. ती बोरीच्या सावलीत पाय पसरून बसायची, पानाची चंची सोडायची आणि बोलायची. मी तिला काही देऊ शकत नव्हतो. तिनंही काही मागितलं नाही.

मग एका दिवाळीत बातमी आली की टेकडी विकली गेली. ती सपाट होणार आणि तिथं घरं होणार. मृण्मयीनं ठरवलं की करटुल्याचे कंद काढून आपल्या बागेत लावायचे. एका सकाळी मनकर्णाबाई, केयूर आणि कुदळ घेतलेला एक गडी वर आले. आमच्या वेली तोवर वाळल्या होत्या, पण कोणाचा कंद कुठे आहे, हे मनकर्णाबाईला माहीत होतं. एकेक शेजारीण मातीसकट निघाली आणि ओल्या पोत्यात जाऊन बसली. मग केयूर माझ्यापाशी आला.

"मावशी, हा घ्यायचा?"

मनकर्णाबाईनं बोरीवरच्या माझ्या वाळक्या वेलाला हात लावला. "त्याला फळ नाय लागत," ती म्हणाली.

"मग राहू दे. बागेत जागा कमी आहे."

ती खोटं बोलली नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी ती माझ्यासाठी खोटं बोलली असती तर मला चाललं असतं. जाताना तिनं पायानं माझ्यावर थोडी माती सारली, आणि ते सगळे उतरून गेले.

पुढच्या पावसाळ्यात टेकडीवर मी एकटाच उगवलो. सवयीनं संध्याकाळी फुलं उमलवली. आजूबाजूला एकही पिवळं फूल नव्हतं. पूर्वी शेजारणी आपल्या फळांचा तोरा मिरवायच्या तेव्हा मी चिडायचो. आता वाटलं, मिरवू देत, पण इथं असू देत. टेकडीच्या पलीकडच्या अंगानं यंत्र लागलं होतं. ते दिवसभर मुरूम ओरबाडायचं आणि माझ्या मुळांपर्यंत जमीन थरथरायची. रोज ते थोडं जवळ यायचं. मला पळता येत नाही, हाकही मारता येत नाही. मी नुसता वाढत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी, रिमझिम चालू असताना, मनकर्णाबाई टेकडी चढून आली. ती रडत होती. बागेतल्या वेली जोमात वाढल्या होत्या, पण फुलांखालच्या गाठी पिवळ्या पडून गळून जात होत्या. एकही करटुलं धरलं नव्हतं. मृण्मयीनं खत बदललं, पाणी कमीजास्त केलं, तरी काही होईना. पाहुण्यांना करटुल्याचं ताट देणं बंद झालं. आसपास दुसरीकडे कुठे वेलीही उरल्या नव्हत्या. आणि मग स्वयंपाकघरात काम करणारी सारजाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, की वांझ हातानं लावलेल्या वेलाला फळ धरंल कसं.

"मी कंदाला हात लावला म्हून आसं झालं म्हणती," मनकर्णाबाई मला सांगत होती. "ताई काय बोलली नाय. पर वेलींना हात लावायला आता माझीच छाती व्हईना. उद्यापसून नाय जायची मी तिथं."

पलीकडे यंत्र गुरगुरत होतं. त्याच्यात आणि माझ्यात आता एका शेताएवढंही अंतर नव्हतं. तिनं तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि कमरेचं खुरपं काढलं.

"चल बाबा. तुला मागं टाकून गेले, ते लई वंगाळ केलं म्या."

मला ती उकरू लागली. मुरूम कठीण होता. खुरपं निसटून माझ्या कंदाला खोल लागलं, माझा वेल मुळापाशी तुटला. दुखलं, पण मी आनंदात होतो. पदरात गुंडाळून तिनं मला खाली नेलं आणि बागेच्या कुंपणाशी, स्वयंपाकघराचं सांडपाणी जिथं जातं तिथं, कुणाला न सांगता पुरलं. मला फळ लागेल या आशेनं तिनं हे केलं नव्हतं. तिच्या लेखी मी तेव्हाही रिकामाच होतो. मला पाणी घालायचं म्हणून मात्र ती दुसऱ्या दिवशी कामावर आली.

जखम भरायला थोडे दिवस गेले. मग मी नवा कोंब काढला, कुंपणावर चढलो आणि भादव्यात पुन्हा फुललो. वाफ्यात शेजारणी फुललेल्या होत्या. संध्याकाळी पतंग आले, माझ्या फुलांवर बसले आणि उडून त्यांच्याकडे गेले. त्यानंतर एका सकाळी मृण्मयी वाफ्यापाशी थबकली. फुलांखालच्या गाठी हिरव्या राहिल्या होत्या आणि फुगत होत्या.

ती दोन दिवस वाफ्यात आणि कुंपणाशी फेऱ्या मारत होती. माझं फूल तोडून तिनं शेजारणीच्या फुलाशेजारी धरून पाहिलं. मग तिनं मनकर्णाबाईला हाक मारली.

"मावशी, कुंपणावर हा वेल कुणी लावला?"

मनकर्णाबाई घाबरली. "म्या लावला, ताई. त्यो वरचाच हाय. मरंल म्हून आणला. नको आसंल तर काढते."

"काढू नका!" मृण्मयी जवळजवळ ओरडलीच. "मावशी, हा वांझ नाही. हा नर आहे. ह्याचे पराग पतंगांच्या अंगाला लागून त्या फुलांवर जातात, तेव्हा त्यांना फळ धरतं. आपण फक्त फळवाल्या वेली आणल्या आणि ह्याला वर सोडून आलो. त्यात तुमच्या हाताचा काही दोष नव्हता."

मित्रांनो, हे मलाही तेव्हाच कळलं. त्या टेकडीवर दर श्रावणात जी करटुली धरली, त्यांत माझाही वाटा होता. इतकी वर्षं मी उगाच मान खाली घालून वाढलो. मला हसावं की रडावं ते कळेना.

मनकर्णाबाई मात्र हसली नाही. ती कुंपणाशी खाली बसली. माझं एक पान तिनं हातात धरलं.

"माझ्या सवतीलाबी लेकरू झालं नाय, ताई," ती म्हणाली. "जलमभर नाय झालं."

मृण्मयी तिच्याशेजारी मातीत बसली. दारात उभी असलेली सारजाबाई आत निघून गेली.

आता ती टेकडी नाही. तिथं घरं झाली आहेत आणि उन्हाळ्यात त्या घरांनाही टँकरनंच पाणी येतं. माझ्या जातीचा दुसरा नर वेल या भागात उरला आहे की नाही, मला माहीत नाही. कधी कधी झोपेत मला बोरीचं झुडूप आठवतं आणि खूप एकटं वाटतं. मृण्मयी पाहुण्यांना कुंपणाशी आणून माझी ओळख करून देते. लोक वाकून वाकून फोटो काढतात. केयूरनं माझ्याभोवती दगडांचं आळं केलं आहे, आणि सारजाबाईसुद्धा जाता येता तांब्याभर पाणी ओतते. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू?

पण मित्रांनो, तुमच्या घराजवळ, वर्गात, नात्यागोत्यात कुणी तरी असेल, ज्याला सगळे बिनकामाचं म्हणत असतील. त्याला जवळ करायला, त्याचा काय उपयोग ते कळेपर्यंत थांबू नका. मनकर्णाबाई थांबली नव्हती. उपयोग कळल्यावर तर सगळेच पाणी घालतात.