नळापाशी चारशे बारा

डोर्कासने हातातला भोंगा झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि मैदानातली माणसं पुन्हा एकदा मोजली. नऊ वाजता साडेतीनशे होती. आता अकरा वाजून गेले होते आणि सव्वाशेसुद्धा भरत नव्हती. सभा नऊची होती. जमीन खात्याच्या साहेबांच्या गाडीचा अजून पत्ता नव्हता.

हा उशीर कसला आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. ओसिरी ही रोज कमावून रोज खाणाऱ्यांची वस्ती. माणसं थांबून थांबून किती थांबणार? ती पांगली की साहेब येणार, रिकाम्या मैदानावर नजर फिरवणार आणि कारकुनाला सांगणार, ‘लिहा, कुणाचीही हरकत आली नाही.’ त्या एका ओळीवर वस्तीचा एकुलता एक सार्वजनिक नळ आणि त्याच्याभोवतीची ही मोकळी जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी जाणार होती. बावीस वर्षांपूर्वी डोर्कासची स्वतःची वस्ती अशाच एका ओळीने उठली होती. तेव्हापासून ती किसुमू शहराच्या वस्त्यावस्त्यांतून तरुण पोरांना धरून शिकवत होती. कायदा वाचायचा कसा, अर्ज लिहायचा कसा, साहेबासमोर पाय लटपटू न देता उभं राहायचं कसं.

ओसिरीत तिचे आठ शिष्य होते; सगळे तिला आईच म्हणत. त्यातला ओगुतू बोलायला उभा राहिला की चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्या थांबत नसत. आजचं भाषण त्याचंच होतं. अकोथ मात्र आठ महिन्यांत मोजून आठ वाक्यं बोलली असेल. पहिल्या शनिवारी डोर्कासने प्रत्येकाला विचारलं होतं, तुम्ही वस्तीसाठी काय करता? ‘मी पहाटे नळावर रांग सांभाळते,’ असं अकोथ म्हणाली आणि सगळे हसले. खरं सांगायचं तर डोर्कासही हसली होती. त्या दिवसापासून वर्गाच्या चहाचं काम तिने अकोथकडे देऊन टाकलं.

आणि आता तीच अकोथ बायकांच्या घोळक्यात शिरून एकेकीला घरी पाठवत होती! डोर्कासच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा तिच्याजवळ गेली.

“काय चालवलंयस हे? मी लोक धरून ठेवायला शिकवलं आणि तू हाकलतेस?”

“तळ्यावर होड्या लागल्यात, आई. मासळी काय साहेबांची वाट बघत बसणार आहे?”

“आणि साहेब आले की दाखवायचं काय त्यांना? धूळ?”

“नंबर राहतील ना.”

“कसले नंबर?”

 अकोथने एका म्हातारीच्या कानात काहीतरी सांगितलं, म्हातारीने मान हलवली आणि ती काठी टेकत घराच्या वाटेला लागली.  शेवटी ओगुतूला बरोबर घेऊन ती मोठ्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली, निदान गाडी दिसली की जे उरलेत त्यांना तरी ओरडून गोळा करता येईल म्हणून. डोक्यावर ऊन तापत होतं. ओगुतू भाषण पुटपुटत होता. मधेच थांबून तो म्हणाला, “ऐकायला कुणी नसेल तरी बोलायचं का, आई?” तिने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

गाडी दीड वाजता आली आणि त्यांच्या अंगावर धूळ उडवून आत गेली. दोघं मागून धावत निघाले. वळणावर डोर्कासला दिसलं की गाडी मैदानाच्या तोंडाशीच थांबली आहे. पुढे जायला वाट नव्हती.

मैदानात रांग लागली होती.

वीस लिटरचे तेलाचे रिकामे पिवळे कॅन. एकामागे एक, एकामागे एक. नळापासून निघून ते झाडापर्यंत गेले होते, तिथून वळून चर्चच्या भिंतीला भिडले होते, पुन्हा वळून, साहेबांच्या खुर्च्या मांडायच्या जागेवरून सरळ पलीकडच्या गटारापर्यंत. काही पोचे पडलेले, काहींना मुठीच्या जागी चिंधी. प्रत्येकावर नाव आणि घराची खूण रंगवलेली. तळ्यावरून दुपारचा वारा सुटला होता, पण एकही कॅन हलत नव्हता. अकोथने प्रत्येकात दोन-दोन ओंजळी वाळू घातली होती. मैदानात ती एकटीच उभी होती. वाळूने तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

ओसिरीत नळ पहाटे अडीच तास येतो. बायका आदल्या संध्याकाळी कॅन लावून जातात आणि तो कॅन म्हणजे तिचा नंबर, म्हणजेच ती बाई. त्याला कुणी हात लावत नाही. चोर लावत नाहीत, दारुडे लावत नाहीत. एकदा तर रांग आडवी आली म्हणून खांद्यावरची शवपेटी घेऊन माणसं लांबून वळसा घालून गेली होती. डोर्कासने हे सगळं आठ महिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्यात शिकण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

साहेब खाली उतरले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मैदान पाहिलं.

“कोणीच नाही सभेला?”

“आहेत ना, साहेब,” अकोथ म्हणाली. “चारशे बारा.”

“अगं, हे डबे आहेत.”

“नंबर आहेत, साहेब.”

साहेब हसले. बरोबरच्या शिपायाला म्हणाले, “सरकव रे हे. खुर्च्या लाव.”

शिपाई पुढे झाला, वाकला. त्याचा हात कॅनच्या मुठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. नाव वाचून तो सरळ उभा राहिला.

“साहेब, खुर्च्या गटारापलीकडे लावू का?”

“का? डबा चावतो का तुला?”

“नाही साहेब. पण नंबर हलवत नाहीत.” तो घुटमळला. मग नळाच्या दिशेने बघत म्हणाला, “पुढून अकरावा माझ्या आईचा आहे.”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून वही उघडून नुसता उभा होता.

तेवढ्यात अकोथ नळापाशी गेली आणि पहिल्या कॅनशेजारी उभी राहिली. हातात कागद नव्हता. वर्गात बोलताना तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जायचा नाही, आज तो पहाटे रांगेत हाक मारतात तसा स्वच्छ निघाला.

“पहिला नंबर. रहेल आजी, निळं दार. घरात सहा माणसं. हरकत आहे.”

ती एक पाऊल सरकली.

“दुसरा नंबर. मेरसा, सायकलवाल्याची. घरात चार माणसं, एक अंथरुणाला खिळलेलं. हरकत आहे.”

तिसऱ्या नंबराला कारकुनाचं पेन चालू झालं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सातव्याला साहेब म्हणाले, “थोडक्यात घ्या की.”

“रांगेत थोडक्यात नसतं, साहेब,” अकोथ म्हणाली. “आठवा नंबर.”

अकराव्या नंबराला शिपायाने टोपी काढली.  मग साहेबांनी स्वतः खुर्ची उचलली, कॅनना धक्का न लावता गटारापलीकडे नेली आणि उन्हात बसले.

 चारशे बारा घरं, त्यांतली माणसं, आजारी कोण, बाळंत कोण, हे सगळं त्या पोरीला पाठ होतं. ती खरोखरच वस्ती सांभाळत होती. आणि आपण तिला चहा करायला लावला! डोर्कासला लाज वाटली आणि त्या लाजेहून कितीतरी मोठा आनंद झाला. बावीस वर्षांत तिने एवढी मोठी सभा पाहिली नव्हती.

ओगुतू हळूच म्हणाला, “आई, भोंगा नेऊन देऊ तिला?”

“काही नको.”

मासळीबाजारातून पहिल्या बायका परतत होत्या. हातांना खवले चिकटलेले, डोक्यावर रिकामी घमेली. कुणी काही विचारत नव्हतं. ज्या त्या आपापल्या कॅनमागे जाऊन उभ्या राहत होत्या.

डोर्कास रांगेच्या कडेकडेने चालत शेपटाशी पोचली. सकाळी अकोथने तिच्या हातात दिलेला चहाचा थर्मास अजून तिच्या खांद्याला लटकत होता. शेवटच्या कॅनमागे एक जाडजूड मासेवाली घाम पुसत उभी होती.

“शेवटचा नंबर कुणाचा?” डोर्कासने विचारलं.

“माझा.” बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू तर मास्तरीणबाई. तुझ्या घरी नळ आहे की.”

“आठ महिने चहा ह्याच नळाचा प्यायलेय.”

बाईने थर्मासकडे पाहिलं, विचार केला आणि अर्धं पाऊल पुढे सरकली. “ठेव मग. माझ्यामागे. आणि मध्ये घुसू नकोस.”

डोर्कासने थर्मास जमिनीवर ठेवला आणि वाऱ्याने पडू नये म्हणून त्याला दोन दगड लावले. लांब नळाकडे अकोथ एकसष्टाव्या नंबरावर होती. डोर्कास आपला नंबर यायची वाट बघत उभी राहिली.