केळं घरी पोचलं

ब्राह्मणपुरीत रतिलाल पाटलांच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की पहिल्याच केळीचं पान अंगाला घासतं. या घरात पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यापाठोपाठ केळं येतं, गाईच्या गव्हाणीत केळं असतं, आणि पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटावर पिकती फणी कायमची मुक्कामाला असते. अशा घरात दहा महिन्यांच्या हिरलला मात्र केळं चाखायला बंदी होती.

बंदी घातली होती तिच्या आईनं, रुपानं. गेल्या थंडीत सासूबाई गजराबाईंनी बोटभर केळं कुस्करून पोरीच्या जिभेला लावलं आणि संध्याकाळी पोरगी शिंकली. एकदाच शिंकली. पण तेव्हापासून रुपाचा कान जो तिच्या छातीला चिकटला, तो निघेना. रुपा शिकलेली, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. त्या एका शिंकेचा दोष केळ्यावर टाकायला तिच्या कुठल्याच पुस्तकाचा आधार नव्हता. पण पुस्तकातलं पोर वेगळं आणि मांडीवरचं वेगळं.

शहाद्याच्या एका कॉलेजनं तिला नोकरीसाठी नमुना तास घ्यायला बोलावलं, तेव्हा घरात आनंद झाला आणि रुपानं हिरलला कडेवरून खाली ठेवणंच सोडलं. हिरल आईशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नव्हती. नोकरी लागली तर रोज दुपारी पोरगी उपाशी बसणार, हे चित्र रुपानं मनात अगदी रंगवून ठेवलं होतं. नवरा हेमकांत म्हणाला की अर्ध्या दिवसानं काही बिघडत नाही. रुपानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ट्रॅक्टर धुवायला निघून गेला. ट्रॅक्टर धुतलेलाच होता.

न जाण्यासाठी ती निमित्त शोधत होती, पण तासाचा विषय तिनं आधीच कळवून टाकला होता: केळीचा इतिहास.

आदल्या संध्याकाळी ओट्यावर तालीम झाली. सासरे रतिलाल, म्हणजे घरचे आबा, चष्मा चढवून, खुर्ची ओढून प्राचार्य झाले. गजराबाई लसूण सोलता सोलता विद्यार्थिनी झाल्या. रुपा हिरलला कडेवर घेऊनच शिकवू लागली. जंगलातल्या केळ्यात दाताला लागणाऱ्या टणक बिया असायच्या. हजारो वर्षांपूर्वी न्यू गिनीकडच्या माणसांनी त्यातली कमी बियांची झाडं निवडून निवडून लावली, असं ती सांगत होती. तेवढ्यात प्राचार्यांनी हात वर केला.

"तठेबी पाटील व्हतात का?"

रुपानं तिकडं दुर्लक्ष केलं. तिथून केळ होडीत बसून बेटाबेटांवर गेली, आपल्याकडे आली, समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेली. अरबांनी तिला पुढं नेलं, पोर्तुगीजांनी आणखी पुढं. मग एक स्पॅनिश पाद्री तिला अमेरिकेच्या बाजूला घेऊन गेला. पुढं एका इंग्रज सरदाराच्या काचघरात वाढलेल्या केळीचं नाव जगभर झालं, आणि आबांच्या बागेतली जी-नाइन जात त्याच कुळातली. हे ऐकून रतिलालांनी टोपी तिरपी केली. उद्यापासून व्यापाऱ्याशी सरदारासारखंच बोलायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

गजराबाईंना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं.

"बी नही, पाय नही. मंग येवढं फिरनं कसं?"

"पिलं नेली, आई." रुपा समजावू लागली. आईच्या बुंध्याशी फुटलेलं पील अलगद सुटं करतात, ओल्या फडक्यात गुंडाळतात, आणि कुणीतरी ते सांभाळून बरोबर नेतं.

"आनि तेन्ही माय?"

"ती राहते मागे."

"मंग पील जगस का?"

"जगतं ना. म्हणून तर जगभर..." रुपा बोलता बोलता थांबली. हिरल तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

गजराबाईंनी लसणावरची नजर काढली नाही. आपण काहीच बोललो नाही, एवढंच त्या म्हणाल्या. रतिलालांना मात्र राहवलं नाही.

"आख्खी दुनिया फिरनं केळं. फक्त मन्हा घरमा येवाले तेले मनाई शे."

दुसऱ्या दिवशी निघताना रुपानं खिचडी किती मऊ हवी, पाणी किती कोमट हवं, हे सगळं पुन्हा सांगितलं. केळं देणार नाही, असं गजराबाईंकडून वदवून घेतलं. हिरल रडेल म्हणून रुपा दारात रेंगाळली. हिरल वाटी वाजवत होती. तिनं वरही पाहिलं नाही, आणि तेच रुपाला जास्त लागलं.

वर्गात पिलाची आई मागे राहते असं सांगताना तिला मध्येच डोळे पुसावे लागले. मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा पुढं वाकून बघू लागली. केळीसाठी एवढी हळवी होणारी बाई त्या पोरांनी कधी पाहिली नव्हती. खऱ्या प्राचार्यांनी हसून निरोप दिला आणि दुपारी फोन करतो असं सांगितलं.

हेमकांतच्या मोटारसायकलवरून ती घरी उतरली, तर घरात चिडीचूप. पोर रडत असलं तर निदान कळतं तरी. शांततेचा भरवसा नाही. ती चप्पल न काढताच आत धावली.

गोणपाटाशेजारी हिरल बसली होती. भुवईवर केळं, कानात केळं, मुठीत उरलेलं केळं. समोर गजराबाई पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या. रतिलाल खिडकीतून आभाळ बघत होते.

"मी नही दिधं," गजराबाई म्हणाल्या. "तिनीच लिधं."

मग सगळं बाहेर आलं. पोरीनं खिचडीला तोंड घट्ट मिटलं आणि रांगत थेट फणीकडे गेली. आजीनं उचलून आणलं, ती पुन्हा गेली. केळं द्यायचं नाही, असं गजराबाईंनी कबूल केलं होतं. हिसकावून घ्यायचं, असं नाही. साल तेवढी आपण सोलली, आणि घास अडकू नये म्हणून डोळ्याची पापणी हलवली नाही, हे त्यांनी मान्य केलं. केळ्यानंतर पोरीनं आजीच्या हातून वाटीभर खिचडीही खाल्ली. रिकामी वाटी त्यांनी रुपापुढे धरली.

रुपानं वाटीकडे पाहिलं. मग पोरीला उचलून तिच्या छातीला कान लावला. हिरलनं मुठीतलं केळं तिच्या दुसऱ्या कानात सारलं.

तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्य विचारत होते, सोमवारपासून जमेल का.

आणि हिरल शिंकली.

गजराबाईंचा हात वाटीवरच थबकला. रतिलाल आभाळ विसरून वळले. दारातल्या हेमकांतनं ट्रॅक्टरकडे बघून घेतलं. फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. रुपानं पोरीचं नाक पाहिलं. कोरडं होतं. मग रुपाच्याही घशात खवखवलं. स्वयंपाकघरातून करपट ठसका येत होता. चुलीवरच्या मिरच्या आठवून गजराबाई आत पळाल्या, आणि रतिलालांना अशी दणदणीत शिंक आली की टोपी सरकली.

"हो सर," रुपा फोनवर म्हणाली. "सोमवारी येते."

फोन ठेवून तिनं कानातलं केळं पदरानं पुसलं आणि सासऱ्यांकडे वळली. या घरात आल्यापासून तिची शाळेतली मराठी कधी सुटली नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हीबी केळं खादं का?"