वरची जमीन, खालचं छत

विंडलफर्ड गावच्या चौकात, लोणीबाजाराच्या दगडी खांबांसमोर एक लांबलचक घर आहे. समोरून लाल विटांचं, ऐटबाज. मागे गेलं की ओकच्या काळ्या तुळया आणि पोक काढलेल्या भिंती. विटांचा मुखवटा नंतरच्या श्रीमंतीचा, घर त्याहून खूप जुनं. पूर्वी ती घोडागाड्यांची सराई होती. रेल्वे आली, सराईचा धंदा बसला आणि मालकाच्या दोन मुलांनी वाटण्या केल्या. भाऊबंदकी सगळीकडे सारखीच. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही या हट्टापायी त्यांनी अशी वेडीवाकडी भिंत घातली की एकाची निजायची खोली दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर जाऊन बसली. मधे ओकच्या फळ्यांचा एकच थर. वरच्याची ती जमीन, खालच्याचं तेच छत.

ती वरची खोली ज्या घराची, त्या घरात डोरीन पॅजेटचं सगळं आयुष्य गेलं. नवरा राल्फ गेला तेव्हा त्या खोलीखालच्या घरात आयव्ही राहायची, दिवसभर कुत्र्याशी भांडणारी. दोघींचं बोलणं ‘काय, बरं ना’ याच्या पलीकडे कधी गेलं नाही, पण खाली आयव्हीची किटली वाजली की डोरीनला उठावंसं वाटायचं. मग आयव्हीही गेली. दोन हिवाळे खालचं घर बंद होतं. बोलायचं कुणाशी, तर बुधवारच्या बाजारातल्या चीजवाल्याशी, तेही मागची रांग खोळंबलेली असताना. डोरीनला घर खायला उठायचं.

वसंतात टॅम्सिन आणि तिचा नवरा जोएल तिथे राहायला आले, लहानग्या नेलला घेऊन. तेव्हापासून डोरीन संध्याकाळचा चहा-टोस्ट वर निजायच्या खोलीतच नेऊ लागली. आज ताटात वाटाणे कुणी टाकले, कुणाचा साहेब छळतोय, कुणाची आई नाताळात येऊन टोमणे मारणार आहे, तिला सगळं ठाऊक. आपण चोरून ऐकतोय असं तिला वाटत नसे. त्यांच्या पंगतीला बसल्यासारखं वाटे.

एक दिवस टॅम्सिन लिंबाचा केक घेऊन दारात उभी राहिली.

“मिसेस पॅजेट, आमचा फार गोंगाट होत असेल ना तुम्हाला? आम्ही छताला खालून जाड अस्तर लावून घेतोय. एक शब्द वर येणार नाही.”

“अगं, कशाला उगाच खर्चात पडता?”

“खर्चाचं सोडा हो. तुम्हाला जरा निवांतपणा नको?”

निवांतपणा डोरीनकडे पोत्यानं पडला होता.

घर जुनी वास्तू म्हणून संरक्षित, त्यामुळे काम करण्याआधी नगरपालिकेचा माणूस बघायला आला. ब्रॅडवेल नावाचा. त्यानं डोरीनच्या खोलीत गुडघे टेकून फटींतून खाली पाहिलं, फळ्या ठोकल्या, बोटांनी चाचपल्या. टॅम्सिन दारात उभी होती.

“फळ्यांना धक्का लागणार नसेल तर माझी हरकत नाही,” तो म्हणाला. “पण जमीन तुमची आहे, बाई. तुमचं काय म्हणणं?”

“जुनं लाकूड आहे. कोंडून कुजेल,” डोरीन म्हणाली.

“मधे हवेला जागा ठेवतील.”

“सराईच्या वेळचं छत आहे. ते असं झाकून टाकायचं म्हणजे...”

“झाकलं तरी असेल तसंच राहील. इतिहासाची काळजी करायचा पगार मला मिळतो. तुमची स्वतःची काही अडचण आहे का, ते सांगा.”

डोरीनचे कान तापले. जन्मात तिनं शेजाऱ्याकडे कधी चमचाभर साखरही मागितली नव्हती.

“मला आवाज हवेत,” ती म्हणाली. “हे बंद झाले तर मला दुसरं कुणी नाही.”

ब्रॅडवेल खिडकीबाहेर बघायला लागला.

“नेलनं परवा घड्याळ बघून बरोबर वेळ सांगितली ना,” डोरीन टॅम्सिनला म्हणाली, “तेव्हा मी इथे टाळ्या वाजवल्या. हळूच.”

टॅम्सिनचे डोळे भरून आले. मग काहीतरी लक्षात येऊन तिनं विचारलं, “म्हणजे सगळंच ऐकू येतं?”

“सगळं.”

“मंगळवारी जोएलचं आणि माझं...”

“त्यात तुझी चूक नव्हती,” डोरीननं समजूत घातली.

टॅम्सिन कानापर्यंत लाल झाली. पण पोरगी मनाची चांगली. “राहू द्या, मिस्टर ब्रॅडवेल,” ती म्हणाली. “नाही लावत आम्ही अस्तर.” जाताना तिनं डोरीनचा हात दाबला.

त्या संध्याकाळी डोरीननं टोस्टवर चीज वितळवलं आणि ताटली घेऊन ती वर गेली. खाली खुर्च्या सरकल्या.

“आई, आज शाळेत ना...” नेलनं सुरुवात केली.

“हळू. वर ऐकू जातं.”

मग कुजबुज. चमचेसुद्धा जपून ठेवल्यासारखे. जोएलनं काही विचारलं, त्यावर टॅम्सिन “नंतर” एवढंच म्हणाली. कुणीतरी रेडिओ लावला आणि एक माणूस हवामान सांगत राहिला.

आठवडाभर हेच चाललं. डोरीनला रागवायचीही सोय नव्हती. त्यांनी तिचं ऐकलंच होतं.

रविवारी तिन्हीसांजेला तिनं कोट चढवला, पुढचं दार उघडलं आणि खालच्यांना ऐकू जाईल असं धाडकन लावून घेतलं. आतूनच. मग बूट काढून, नुसत्या मोज्यांवर ती जिना चढली. दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसली. खोकला आला तो तिनं उशीत दाबला.

“गेल्या वाटतं,” खालून जोएल म्हणाला.

आणि तिघंही एकदम बोलायला लागली.