गळ्याची धास्ती

"बाई, तुमचं सारं समजलं. पन माह्या गळ्याचं काय?"

प्रमिलाबाई नर्स चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या. एदलाबादच्या दवाखान्यात पुरुषांनी त्यांना नसबंदीबद्दल पुष्कळ शंका विचारल्या होत्या. ताकद जाईल का, नांगर धरता येईल का. गळ्याचं कोणी विचारलं नव्हतं.

"गळ्याचा काय संबंध, जीवरामभाऊ?"

"आमच्या शेजारचा झुलाल म्हने, बैल बडवला का त्याचं हंबरनं बदलते. मी कीर्तनात चाल म्हनतो, बाई. देवानं तेवढंच देल्लं मले."

शेजारी त्याची बायको बेबाबाई खाली मान घालून बसली होती. चार लेकरं झाली. चौथ्या वेळी इतकं रक्त गेलं, की पाचवं झालं तर जिवाशी गाठ, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. लूप बसवून पाहिली. अंगावरून जायचं थांबेना, तेव्हा प्रमिलाबाईंनीच ती काढून टाकली. मग निरोध. पण एकदा पाळी बारा दिवस लांबली आणि बेबाबाईनं पेटीतली लुगडी काढून, कोणतं कोणाला द्यायचं ते थोरल्या सुमनला सांगून ठेवलं. ते जीवरामानं दाराआडून ऐकलं होतं.

"माहंच पोट कापा," बेबाबाई म्हणाली. "यांचा गळा नोको. त्या आवाजासाठी तर मी या घरात आली. आबा मले सावद्याच्या बागाईतदाराले देत व्हते!"

"तुझ्या अंगात रक्त किती आहे, ठाऊक आहे ना?" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि जीवरामाकडे वळल्या. "भाऊ, बैलाच्या गोळ्याच ठेचतात. इथं काही काढत नाहीत. दोन बारीक नळ्या कापून बांधतात, बीज बाहेर येत नाही, एवढंच. मिशा, ताकद, आवाज, सगळं जिथल्या तिथं. आठ दिवस जड उचलायचं नाही. आणि तीन महिने निरोध सोडायचा नाही, आधीचं बीज नळीत उरलेलं असतं. घाई नाही. घरी जा, दोघं बोला."

वाटेत केळीच्या बागेशी जीवराम थांबला. पाटाच्या पाण्यानं चूळ भरली, बेबाबाईला बांधावर बसवलं आणि आख्खा अभंग वरच्या पट्टीत म्हटला, तिच्या एकटीसाठी.

"नीट ध्यानात ठेव. गळा फिरला तर तुलेच समजीन. खरं सांगजो."

"खोटं कधी सांगतलं मी?" तिनं पदरानं डोळे पुसले.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. अर्ध्या तासात तो बाहेर आला. जड उचलू नका म्हटलं होतं; यानं आवाजही उचलला नाही. म्हशीलासुद्धा कुजबुजून हाक मारायचा.

झुलाल ओट्यावरून ओरडायचा, "काय हो बुवा! हंबरून दाखवा ना एकडाव!"

जीवराम नुसता हसायचा. मनात म्हणायचा, मुक्ताई, गळा तुझाच आहे. ठेव नाही तर ने. पण हिला ठेव.

बाराव्या दिवशी मुक्ताईचा सप्ताह बसला. देवळापुढच्या मांडवात कीर्तन रंगत आलं आणि महाराजांनी चालीसाठी त्याच्याकडे हात केला. झुलालही टाळ धरून मागे उभा होता.

जीवरामानं तोंड उघडलं. पहिला सूर खरखरला. इतके दिवस गळा वापरलाच कुठं होता? त्यानं डोळे मिटले आणि वर गेला. टाळांच्या त्या गजरात आपलाच आवाज आपल्याला कुठला कळायला? पूर्वीचा की दुसराच? त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं.

बारा वर्षं बेबाबाई कीर्तनाला यायची ती एकाला मांडीवर घेऊनच. एक हात लेकराच्या मानेखाली, एक हात थोपटायला. आज धाकटा सुमनला टेकून सतरंजीवर झोपला होता. बेबाबाईचे डोळे मिटलेले होते, पदर खांद्यावर उतरला होता, आणि ती दोन्ही हातांनी टाळी वाजवत होती. तिला कसली पारख करायला सांगितलं होतं, ते ती साफ विसरली होती.

जीवरामानं चाल आणखी वर नेली.