पुरलेली खापरं

आमच्या सेजनान गावच्या टेकाडावर मडकं आव्यात भाजताना फुटलं, की बायका ते मागच्या दारी पुरून टाकायच्या. खरं तर खापरं कुटून त्यांचा भुगा नव्या मातीत मिसळायचा असतो. त्याशिवाय माती धग सोसत नाही. पण कुटण्याचा आवाज टेकाडभर जायचा आणि सगळ्यांना कळायचं, अमकीचं फुटलं. म्हणून खापरं जमिनीत, आणि भुगा कुठून तरी मागून आणलेल्या विटांचा!

वसीलाचा तिसरा रांजण तडकला तेव्हा तिनेही कुदळ उचलली. आपल्या आईच्या रांजणांसारखा छातीइतका उंच रांजण घडवायचा, हा ध्यास तिने तीन वर्षं धरला होता. गावात आता ती विद्या एकट्या उम्मी शलबियाकडे उरली होती, आणि म्हातारीचे हात थरथरायला लागले होते.

"पुर, पुर. कब्रस्तान भरत आलं," नणंद हेदिया दारातून म्हणाली. "त्यापेक्षा उद्या माझ्याबरोबर शेतमजुरांच्या ट्रकमध्ये चढ. टोमॅटो तोडताना निदान तडकत तरी नाहीत."

वसीला खड्डा खणत राहिली. मनातून तिने होकार दिलाच होता.

तेवढ्यात काठी टेकत उम्मी शलबिया आली. "आवा निवला तरी तुझी हाक नाही, तेव्हाच समजलं. दाखव."

"काय दाखवू, उम्मी? माझ्या हातात नाहीच ते."

"हाताचं मी ठरवेन. आधीचे दोन कुठे आहेत?"

वसीलाने मान खाली घालून जागा दाखवली.

"उकर."

दोन्ही रांजणांची खापरं निघाली. म्हातारीने ती आजच्या रांजणाशेजारी मांडली आणि एकेका तड्यावरून बोट फिरवलं.

"पहिला बुडातून गेला. ओला असतानाच भाजलास. दुसरा पोटातून. मातीची एक वळी सुकून गेल्यावर तू पुढची चढवलीस. मध्येच उठली असशील."

"धाकटी रडत होती."

"असू दे. आता आजचा बघ. बुडाला काही आहे?"

वसीलाने हात फिरवला. "नाही."

"पोटाला?"

"नाही." तिचा आवाज बदलला. "फक्त गळ्याला आहे, उम्मी."

"वाऱ्याच्या बाजूला गोवऱ्या कमी पडल्या, एवढंच. तीनदा हरले म्हणतेस, पण एकच चूक दोनदा केलेली नाहीस. माझे सात गेले, बाळे, आणि सातही मी पुरले. दाखवले असते, तर तुझ्या आईचे तरी वाचले असते."

वसीलाने डोळे पुसले. मग खापरं उचलून थेट पुढच्या अंगणात नेली आणि भर दुपारी कुटायला बसली.

"अगं, लोक ऐकतील!" हेदिया धावत आली.

"ऐकू देत. माझीच आहेत."

सगळ्या टेकाडाने ऐकलं. आणि तासाभराने शेजारची बहिजा खापरांचं पोतं घेऊन आली. "माझेही दोन गेलेत. गळ्यालाच. बघशील का जरा?"

वसंतात चौथा रांजण आव्यातून अख्खा निघाला, छातीइतका उंच. त्यात जुन्या तिन्हींचा भुगा होता. पहिला हर्षनाद हेदियाने केला, तोही इतका मोठा की कोंबड्या उडाल्या. उम्मी शलबियाने रांजणाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि म्हणाली, "आता मी निवांत मरायला मोकळी." मेली मात्र नाही; रोज येऊन चुका काढते.

मंडळी, अपयश पुरलं की चूक तेवढी जिवंत राहते. उजेडात मांडलं की ती सगळ्यांना शिकवते. आता आमच्या टेकाडावर दुपारी कुटण्याचा आवाज आला की कोणी हसत नाही. हातातलं काम टाकून आम्ही जातो आणि विचारतो, "कुठून गेला गं?"